डेटाबेसमधला डेटा सर्च इंजिनमध्ये नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूचीचं काम करतो. पुस्तकांची नोंद मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असते आणि वाचक शोधतो ते सोलर किंवा इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनमध्ये. या दोहोंना जोडणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं ग्रंथालयाची आहेत, पण तुमच्याकडे दुकानाचा माल असो की नोकरीच्या जाहिराती, अडचणी ह्याच येतात. सगळ्या उत्तरांमागे एक गोष्ट धरून चाला: खरी नोंद डेटाबेसमध्ये असते आणि सर्चमधला इंडेक्स ही तिची नक्कल. नक्कल कधीही पुसून पुन्हा उभी करता आली पाहिजे.

१. डेटाबेसमध्येच लाइक (मजकुरात हा शब्द आहे का ते पाहणारी अट) लावून शोधता येतं. मग हे दुसरं इंजिन कशाला?

दहा-वीस हजार ओळी असतील आणि शोधणारे ग्रंथालयातले दोन-चार कर्मचारीच असतील, तर नका घेऊ. एक जास्तीचा सर्व्हर सांभाळणं हे खरं काम आहे.

शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून केलेल्या लाइकला नेहमीचा बी-ट्री इंडेक्स उपयोगी पडत नाही, त्यामुळे डेटाबेस प्रत्येक ओळ वाचत बसतो. वीस हजार ओळींना ते जाणवत नाही, वीस लाखांना जाणवतं. शिवाय लाइकला ‘हे जास्त जुळतं, ते कमी’ असा क्रम लावता येत नाही. सोलर आणि इलॅस्टिकसर्च ही दोन्ही डग कटिंग यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ल्युसीनवर उभी आहेत. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच सूची ल्युसीन बांधतं: शब्द, आणि त्यापुढे तो कोणकोणत्या डॉक्युमेंटांत, म्हणजे इंडेक्समधल्या नोंदींत, आला ते. शोधताना मजकूर वाचावाच लागत नाही. मधली वाट म्हणून डेटाबेसचा स्वतःचा फुलटेक्स्ट इंडेक्स आहे. तो मराठी मजकुरावर स्वतः चालवून पाहा आणि मगच ठरवा.

२. टेबलं जशी आहेत तशीच नेऊन ठेवायची का? पुस्तकांचा एक इंडेक्स, लेखकांचा दुसरा, प्रतींचा तिसरा?

नाही. सर्च इंजिनला जॉइन, म्हणजे दोन टेबलांच्या ओळी जोडणं, जवळजवळ येत नाही, आणि जे येतं ते महाग पडतं. आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: वाचकाला निकालाच्या पानावर एकेक काय दिसणार? त्याचं उत्तर ‘पुस्तक’ असेल, तर एक पुस्तक म्हणजे एक डॉक्युमेंट. त्यातच शीर्षक, लेखकांच्या नावांची यादी, विषयांची यादी, प्रकाशनवर्ष आणि शिल्लक प्रतींचा आकडा. डेटाबेसमध्ये आपण जे पाच टेबलांत नीट वाटून ठेवलं, ते इथे मुद्दाम एकत्र करायचं. लेखकाचं नाव शंभर डॉक्युमेंटांत शंभरदा आलं, तर येऊ द्या. डेटाबेस शिकलेल्या माणसाच्या हाताला हे सुरुवातीला रुचत नाही, माझ्याही रुचलं नव्हतं.

सदस्यांची नावं, फोन, कोणी काय वाचायला नेलं, यातलं काहीही या नकलेत टाकू नका. शोधायला लागत नाही ते न्यायचंच नाही.

३. एका पुस्तकाचे तीन लेखक आहेत. सर्चमध्ये एकच लेखक येतो, तोही शेवटचा. बाकीचे कुठे गेले?

जॉइन केल्यावर त्या पुस्तकाच्या तीन ओळी झाल्या. तुम्ही पुस्तक क्रमांक हाच डॉक्युमेंटचा आयडी ठेवला (ते बरोबरच आहे), म्हणून दुसरी ओळ पहिलीवर बसली आणि तिसरी दुसरीवर. त्यात चार विषयही जॉइन केले तर तीन गुणिले चार, बारा ओळी.

मग लोक ग्रुप कॉनकॅट (अनेक ओळींतला मजकूर जोडून एक करणारं फंक्शन) वापरतात, आणि इथे एक खड्डा आहे. मायएसक्यूएलमध्ये ग्रुप कॉनकॅटची डिफॉल्ट मर्यादा १०२४ बाइट आहे. अक्षरं नव्हेत, बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रा आणि हलन्तसुद्धा. म्हणजे जेमतेम ३४१ चिन्हं. त्यापुढचं कापलं जातं आणि क्वेरी यशस्वी होते. फक्त एक वॉर्निंग येते, आणि ती लोड करणारा प्रोग्रॅम वाचत नाही. इंग्रजी डेटावर सगळं ठीक चाललेलं असतं, मराठी डेटावर लेखांच्या संग्रहातले शेवटचे दहा लेखक गायब होतात. सेशनच्या सुरुवातीला ही मर्यादा वाढवून घ्या. मारियाडीबीच्या नव्या आवृत्त्यांत ती मुळातच १ एमबी आहे.

जोडचिन्ह म्हणून स्वल्पविराम ठेवू नका. ग्रंथालयात आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव असं लिहितात, त्यामुळे तोडताना एका माणसाची दोन माणसं होतात. जेसन ॲरे (प्रत्येक नाव वेगळं राहील अशी यादी) बनवणारं फंक्शन मिळत असेल तर तेच सगळ्यात स्वच्छ.

४. कोणतं साधन वापरू? जुन्या ट्युटोरियलमधलं डेटा इम्पोर्ट हँडलर सापडतच नाही.

सापडणार नाही. ते सोलर १.३ पासून होतं, ८.६ मध्ये वापरू नका असं जाहीर झालं आणि ९.० मधून काढूनच टाकलं. बाहेर वेगळं पॅकेज म्हणून ते आहे, पण नवीन काम त्यावर उभं करू नये. इलॅस्टिकसर्चमधल्या ‘रिव्हर’चंही तेच झालं, २.० मध्ये ते गेले. दोन्हींत एक दोष सारखा होता: डेटा ओढून आणण्याचं ओझं शोधणाऱ्या सर्व्हरच्याच डोक्यावर होतं.

आज तीन वाटा आहेत. लॉगस्टॅशचं जेडीबीसी इनपुट: ठरावीक वेळाने क्वेरी चालवतं, लहान-मध्यम कामाला पुरतं. स्वतःची स्क्रिप्ट: पायथन किंवा जावामध्ये दोनशे ओळी. आणि बदलांचा लॉग वाचणारं डेबेझियम, त्याबद्दल प्रश्न ९ पाहा. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. यादी जोडणं, शके-सनाचा घोळ निस्तरणं, मराठी नीट करणं, हे सगळं कोडमध्ये लिहिलेलं दिसतं आणि तपासता येतं.

५. पहिला पूर्ण लोड चालू केला की मेमरी संपून प्रोग्रॅम मरतो.

मायएसक्यूएलचा जावा ड्रायव्हर आपणहून सगळा निकाल मेमरीत आणून ठेवतो, पहिली ओळ तुमच्या हातात देण्याआधी. त्याला ओळी एकेक सोडायला वेगळं सांगावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये फेच साइज (एका वेळी किती ओळी आणायच्या ते) दिला तरी ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप पक्की करणं) चालू असेल तर तो पाळला जात नाही. आधी ऑटोकमिट बंद करा.

लिमिट-ऑफसेटने पानं पाडू नका. पाच लाखांचा ऑफसेट म्हणजे डेटाबेस पाच लाख ओळी मोजून टाकून देतो, आणि मध्येच कोणी ओळ काढली तर पुढचं पान एका ओळीने सरकतं आणि एक पुस्तक सुटतं. ‘शेवटी पाहिलेल्या आयडीपेक्षा मोठे पुढचे पाच हजार’ असं मागा.

६. लोड फार हळू होतो. वेग कसा वाढवू?

एकेक डॉक्युमेंट पाठवत असाल तर बल्कने, म्हणजे गठ्ठ्याने, पाठवा. ५ ते १५ एमबीच्या गठ्ठ्यापासून सुरुवात करून मोजत जा. पहिल्या लोडपुरता रिफ्रेश (नवीन डॉक्युमेंटं शोधात दिसू लागणं) बंद ठेवा आणि रेप्लिका (इंडेक्सच्या जादा प्रती) शून्य करा, लोड संपला की दोन्ही पूर्ववत करा. सोलरमध्ये प्रत्येक गठ्ठ्यानंतर कमिट, म्हणजे लिहिलेलं पक्कं, करू नका. एवढं करूनही हळू असेल, तर बहुतेक वेळा दोष डेटाबेसच्या क्वेरीत असतो. ती एकटी चालवून वेळ मोजा.

७. बल्कला २०० असं उत्तर आलं, एररही नाही. तरी इंडेक्समध्ये पुस्तकं कमी आहेत.

२०० चा अर्थ एवढाच की गठ्ठा मिळाला. आतल्या प्रत्येक डॉक्युमेंटचं काय झालं ते उत्तराच्या मजकुरात असतं. सर्वात वर ‘एरर्स’ नावाचं एक खरं-खोटं फील्ड असतं. ते खरं असेल तर खालची यादी वाचून नाकारलेली डॉक्युमेंटं कारणासह एका फाइलमध्ये लिहून ठेवा.

आमच्या कामात सगळ्यात जास्त नाकारली गेली ती जुनी पुस्तकं. प्रकाशनवर्षाच्या रकान्यात कोणी ‘शके १८८७’ लिहिलेलं, कोणी ‘१९६५-६६’, कोणी ‘दुसरी आवृत्ती’. फील्ड पूर्णांकाचं, त्यामुळे अख्खं डॉक्युमेंट परत. म्हणजे जी दुर्मिळ पुस्तकं वाचकाला सापडावीत म्हणून सगळी खटपट, नेमकी तीच बाहेर राहिली. आता मी दोन फील्ड ठेवतो: एकात मूळ मजकूर जसाच्या तसा, दुसऱ्यात काढता आलं तर वर्ष. शकाला ७८ मिळवून सन काढतो. चैत्रात सुरू होणारं शक वर्ष दोन सनांत पसरतं, म्हणून एका वर्षाचा फरक मान्य करतो.

८. रोज सगळं नेण्याऐवजी फक्त बदललेल्या ओळी कशा नेऊ? आणि नेल्या तरी काही ओळी कायमच्या सुटतात, त्या का?

प्रत्येक टेबलात ‘शेवटचा बदल’ अशी वेळ ठेवायची आणि मागच्या फेरीनंतर बदललेल्या ओळी मागायच्या, ही पद्धत चांगली आहे. पण तिच्यातून ओळी चार ठिकाणी गळतात.

पहिलं ठिकाण: लेखकाच्या नावातली चूक दुरुस्त केली की बदल लेखकांच्या टेबलात होतो, पुस्तकाच्या ओळीवरची वेळ जुनीच राहते. क्वेरीने पुस्तक, लेखक, विषय आणि प्रती या चारही वेळांतली सर्वात अलीकडची पाहिली पाहिजे.

दुसरं ठिकाण सगळ्यात फसवं आहे. समजा, ११:०० वाजता कोणी शंभर पुस्तकांची नोंद एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं एकदम पक्कं होतं किंवा काहीच नाही, असा गट) सुरू केली. ओळींवर ११:०० ची वेळ पडली, पण कमिट ११:०२ ला झालं. तुमची फेरी ११:०१ ला आली. तिला त्या ओळी दिसल्याच नाहीत, तिने ‘११:०१ पर्यंत झालं’ असं लिहून ठेवलं. पुढची फेरी ११:०१ नंतरचं मागते, आणि त्या शंभर ओळींवर तर ११:०० आहे. त्या आता कधीच येणार नाहीत. वेळेऐवजी वाढता क्रमांक वापरला तरी हेच होतं, कारण क्रमांकही कमिटच्या आधी मिळतो. उपाय साधा आहे: दर फेरीला तुमच्याकडच्या सर्वात लांब ट्रान्झॅक्शनपेक्षा जास्त मागे जाऊन मागा, दहा मिनिटं म्हणा. त्याच ओळी दोनदा आल्या तरी आयडी ठरलेला असल्याने काही बिघडत नाही.

तिसरं: डेटाबेस भारतीय वेळेत आणि लोड करणारा प्रोग्रॅम यूटीसीत. बरोबर साडेपाच तासांचा डेटा सुटत असेल किंवा पुन्हा पुन्हा येत असेल, तर दुसरीकडे शोधूच नका. लॉगस्टॅशमध्ये यासाठी डिफॉल्ट टाइमझोनची सेटिंग आहे.

चौथं: वेळ डेटाबेस न लिहिता कर्मचाऱ्याचा संगणक लिहीत असेल आणि त्याची तारीख चुकून पुढच्या वर्षाची असेल, तर ‘शेवटची वेळ’ तिथे जाऊन बसते आणि पुढच्या वर्षापर्यंत काहीच येत नाही. वेळ डेटाबेसलाच लिहू द्या.

९. हे सगळं टाळायला बिनलॉग (मायएसक्यूएलचा बदलांचा लॉग) वाचणारं डेबेझियम लावलं तर?

प्रश्न ८ मधलं दुसरं ठिकाण पूर्ण मिटतं, कारण लॉगमध्ये गोष्टी कमिट झाल्यावरच येतात. डिलीटही कळतं. पण फुकट काही मिळत नाही. लॉगमध्ये टेबलांतल्या ओळी येतात, पुस्तकाचं तयार डॉक्युमेंट नाही. जोडणी (प्रश्न २ आणि ३) तुम्हालाच करायची. मायएसक्यूएलचा बिनलॉग रो फॉरमॅटमध्ये (बदललेल्या ओळी लिहिणारा) हवा, आणि ८.० मध्ये तो डिफॉल्टने ३० दिवस राहतो. त्याहून जास्त काळ वाचणारा बंद पडला तर पूर्ण लोड पुन्हा. पोस्टग्रेसमध्ये उलटं होतं: रेप्लिकेशन स्लॉट (लॉग वाचणारा कुठपर्यंत आला त्याची खूण) वाचणाऱ्याची वाट पाहत लॉग जपून ठेवतो, आणि वाचणारा मेला असेल तर डेटाबेसची डिस्क भरेपर्यंत जपतो. स्लॉटवर अलार्म लावल्याशिवाय ही वाट धरू नका.

१०. पुस्तक डेटाबेसमधून काढलं, तरी सर्चमध्ये दिसतं.

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा. एका ग्रंथालयात एक आजोबा तालुक्याहून एसटीने आले, हातात चिठ्ठी, तिच्यावर आमच्या सूचीतून उतरवलेला वर्गांक. ते पुस्तक वाळवी लागल्यामुळे दोन वर्षांपूर्वीच नोंदीतून काढलेलं होतं. डेटाबेसमध्ये नव्हतं, सर्चमध्ये होतं. मी लिहिलेली फेरी ‘बदललेल्या ओळी’ विचारत होती, आणि नसलेली ओळ ‘मी बदलले’ असं सांगायला येत नाही. ते काही न बोलता परत गेले. त्या दिवसापासून डिलीटचं आधी ठरवल्याशिवाय मी लोड लिहायला घेत नाही.

सोपा उपाय म्हणजे ओळ खरोखर न काढता ‘रद्द’ अशी खूण करायची. खूण हा बदलच असतो, तो पुढच्या फेरीत जातो आणि तुम्ही ते डॉक्युमेंट काढता. ओळ काढावीच लागत असेल तर डिलीट ट्रिगरने (ओळ काढताच डेटाबेस आपोआप चालवतो त्या कोडने) तिचा आयडी वेगळ्या टेबलात लिहून ठेवा. यातलं काहीही केलं तरी आठवड्यातून एकदा दोन्हीकडचे आयडी क्रमाने वाचून ताडून पाहा. कोणी थेट डेटाबेसमध्ये हात घालून काही काढलं असेल, तर ते इथेच सापडतं.

११. ॲपमधूनच एकाच वेळी डेटाबेस आणि सर्च दोन्हीकडे लिहिलं तर?

डेटाबेसमध्ये लिहिलं आणि सर्चचा सर्व्हर त्या क्षणी बंद होता, तर? किंवा सर्चमध्ये गेलं आणि डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन मागे फिरलं, तर? दोन्हींना बांधणारं ट्रान्झॅक्शन नसतं. त्याऐवजी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘हे पुस्तक न्यायचं आहे’ अशी ओळ एका पाठवणीच्या टेबलात टाका आणि वेगळा प्रोग्रॅम ते टेबल उपसत राहू दे.

१२. फील्डचा प्रकार बदलायचा आहे. सर्च बंद न ठेवता कसं करू?

ठरलेल्या फील्डचा प्रकार जागच्या जागी बदलत नाही. नवीन नावाचा इंडेक्स करा, त्यात पूर्ण लोड करा आणि ॲप वापरतं ते टोपणनाव, म्हणजे अलियास, एकाच विनंतीत जुन्यावरून नव्यावर फिरवा. पूर्ण लोड सुरू करण्याच्या *आधीची* वेळ टिपून ठेवा आणि लोड संपल्यावर त्या वेळेपासूनचे बदल नव्या इंडेक्सवर चालवा, मगच अलियास फिरवा. जुना इंडेक्स दोन-चार दिवस राहू द्या.

१३. मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

कनेक्शनचा कॅरेक्टर सेट तपासा. प्रश्नचिन्ह डेटाबेसमध्येच साठलं असेल तर मूळ अक्षर गेलं, बॅकअप शोधावा लागेल. अगम्य रोमन अक्षरं दिसत असतील आणि नोंद खूप जुनी असेल, तर ती श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप झालेली असू शकते. ती आधी युनिकोडमध्ये बदला.

१४. ‘ॲप’ शोधलं तर काही पुस्तकं येतात, काही नाही. दोन्हीकडे अक्षर तर तेच दिसतं!

दिसतं तेच, असतं वेगळं. ‘ॲ’ या अक्षराला स्वतःचा क्रमांक २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधीच्या नोंदींत अ आणि त्यावर सुटा चंद्र अशी दोन चिन्हं असतात, आणि काही कळफलकांवर हिंदीतलं ऍ येतं. तिन्ही एकाच शब्दाची रूपं, पण इंजिनसाठी तीन शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन त्यांना एकत्र आणत नाही. मजकूर तोडण्याआधीच्या कॅरेक्टर फिल्टरमध्ये तिन्हींना एका रूपात आणा, आणि इंडेक्स करताना व शोधताना तोच फिल्टर ठेवा.

कऱ्हाड, साताऱ्यात यांतला अर्धा र आणखी नाजूक आहे. कोणी तो नुक्त्याच्या ऱ ने लिहितं, कोणी साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर टाकून. ‘न दिसणारं चिन्ह काढून टाका’ असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो इथे पाळला तर डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्राचा दर्या एक होतात. म्हणून आधी जॉइनरवालं रूप ऱ च्या रूपात बदला, आणि उरलेले जॉइनर त्यानंतर काढा.

१५. ‘पुणे’ शोधलं तर ‘पुण्यात’ असलेली शीर्षकं येत नाहीत. मराठी ॲनालायझर (मजकूर शब्दांत तोडून मूळ रूपात आणणारा भाग) कुठे मिळेल?

ल्युसीनबरोबर हिंदी आणि बंगालीचा ॲनालायझर येतो, मराठीचा येत नाही. हिंदीचा लावून भागत नाही. हिंदीत ‘में’, ‘से’ सुटे लिहितात, आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि शब्दही वाकतो: पुणे पुण्यात होतं, नाशिक नाशकात, कोल्हापूर कोल्हापुरात. मी प्रत्ययांची छोटी यादी लांबापासून आखूडपर्यंत लावून कापतो आणि गावांच्या सामान्यरूपांची समानार्थी यादी हाताने बनवली आहे. सोबत न कापलेलं फील्डही ठेवतो आणि त्याला जास्त वजन देतो, म्हणजे नेमकं जुळणारं शीर्षक वर राहतं. प्रत्ययांची यादी बदलली की पूर्ण लोड पुन्हा, प्रश्न १२ प्रमाणे.

१६. डेटाबेस आणि इंडेक्स यांचे आकडे जुळत नाहीत. इंडेक्समध्ये तर जास्तच आहेत.

नेस्टेड फील्ड (डॉक्युमेंटच्या आत ठेवलेल्या छोट्या नोंदी) वापरलं आहे का? इलॅस्टिकसर्चमध्ये प्रत्येक नेस्टेड नोंद आतून वेगळं डॉक्युमेंट असते, आणि इंडेक्सांच्या यादीतला आकडा त्यांनाही मोजतो. काउंट एपीआयचा आकडा घ्या. आणि एकूण आकडा जुळला म्हणून थांबू नका. दहा सुटले आणि दहा मेलेले राहिले तरी बेरीज तीच येते. वर्षानुसार किंवा आयडीच्या दर हजारानुसार तुकडे पाडून मोजा.

१७. बदलांच्या रांगेवर दोन प्रोग्रॅम बसवले. आता कधी कधी जुना बदल नव्यावर बसतो, आणि एकदा तर काढलेलं पुस्तक परत आलं.

क्रम उलटला आहे. इलॅस्टिकसर्चला बाहेरचा आवृत्ती क्रमांक देता येतो: साठवलेल्यापेक्षा मोठा असेल तरच लिही. नसेल तर ४०९ (क्रम जुळत नाही असा एरर) येतं, ती चूक समजून पुन्हा पाठवू नका, तिथे तो बदल सोडून द्यायचा असतो.

पण काढलेल्या डॉक्युमेंटची आवृत्ती डिफॉल्टने फक्त ६० सेकंद लक्षात ठेवली जाते. रांगेत दोन मिनिटं अडकलेला जुना बदल त्यानंतर आला, तर इंजिनच्या दृष्टीने ते नवंच पुस्तक असतं. ती मुदत वाढवता येते. मी मात्र रांगेत मजकूर ठेवतच नाही, फक्त पुस्तक क्रमांक ठेवतो. तो हातात आला की प्रोग्रॅम मुख्य डेटाबेसमधून (मागे पडणाऱ्या रेप्लिकावरून नव्हे) ती ओळ त्या क्षणी ताजी वाचतो आणि आवृत्ती क्रमांकासह लिहितो. ओळ नसेल तर डॉक्युमेंट काढतो.